भरवणं थांबवूया, जेवायला शिकवूया



"आमचं लेकरू काहीच खात नाही बघा मॅडम." पालकसभेला थोरल्याची प्रगती विचारायला आलेली आई कडेवरच्या दीड-दोन वर्षांच्या धाकट्याकडे बघून हे वाक्य हमखास बोलते. मग शेजारची बोलते, तिच्या शेजारची बोलते. अभ्यासाचा विषय बाजूला राहतो आणि सभा जेवणावर जाते. कुणी सांगतं मोबाईल लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही. कुणी सांगतं एका वाटीला दीड तास लागतो. कुणाकडे आजी ताट घेऊन गल्लीभर नातवाच्या मागे फिरते.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. मी प्राथमिक शिक्षिका आहे. पण या विषयावर शिक्षकांनी बोललं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. कारण माझ्या मते जेवणं ही शिकण्याचीच गोष्ट आहे. चालणं, बोलणं, वाचणं जसं मूल शिकतं, तसंच ते जेवायलाही शिकतं. आणि शिकवण्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, म्हणजे धाकाने शिकणं होत नाही, सराव लागतो, सोबत लागते, मुलाने स्वतः करून बघावं लागतं, ते सगळं ताटालाही लागू पडतं. आपण मात्र वर्गात एक पद्धत वापरतो आणि घरी ताटासमोर बरोबर उलटी.

आधी थोडं गणित करू

बहुतेक पालकांची तक्रार मुलाच्या पहिल्या वाढदिवसानंतर सुरू होते. "वर्षाचं होईपर्यंत छान खायचं, आता काय झालं कोण जाणे!" यात दृष्ट लागल्याची शंका येते, मीठ-मोहरी उतरवली जाते. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, पण त्याबरोबर वजनाचा हिशेबही बघा.

जन्मताना बाळ साधारण 3 किलोचं असतं. वर्षाचं झालं की साधारण 9 किलोचं होतं. म्हणजे पहिल्या वर्षात 6 किलोची भर. दुसरा वाढदिवस येतो तेव्हा ते साधारण साडेअकरा-बारा किलोचं असतं. म्हणजे दुसऱ्या वर्षात भर फक्त अडीच-तीन किलोची. वाढीचा वेग निम्म्यावर आला, की त्या मानाने भूकही मंदावते. यात आजार काही नाही, निसर्गाचाच हिशेब आहे. पण आपण मात्र वाटी मोठी करत जातो, कारण "आता मोठा झाला ना!" मुलाची भूक एकीकडे जाते, आपली अपेक्षा दुसरीकडे. बरीचशी भांडणं इथेच सुरू होतात.

शिवाय याच वयात मुलाला चालता येतं, "नको" म्हणता येतं. जगात आपली मर्जी चालते हे त्याला पहिल्यांदा कळतं. ती मर्जी चालवायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्वतःचं तोंड. मिटून घेतलं की झालं! घरातली चार मोठी माणसं हातातलं काम टाकून आपल्याभोवती गोळा होतात, एवढी ताकद त्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

नव्या भाजीला "नको" का म्हणतात?

दीड ते पाच वर्षांच्या दरम्यान नवीन पदार्थाला घाबरणं हे जगभरच्या मुलांमध्ये दिसतं. मूल चालायला लागलं की हाताला येईल ते तोंडात घालू शकतं. अशा वेळी अनोळखी गोष्ट तोंडातून बाहेर ढकलणं ही एक प्रकारची राखणच आहे. तुमची दोडक्याची भाजी त्याच्या लेखी अनोळखी पाहुणा आहे. पहिल्या भेटीत कुठलं मूल पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसतं?

लहान मुलांच्या खाण्यावर अमेरिकेत लिअ‍ॅन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात बरंच काम केलं. त्यांच्या आणि त्यानंतरच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. नवीन चव मुलाने स्वीकारायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, जबरदस्ती न करता समोर यावी लागते. आपण काय करतो? दोन-तीनदा देऊन बघतो आणि "याला पालक आवडत नाही" असा शिक्का मारतो. मग तो शिक्का मुलाच्या कानावर पडत राहतो आणि तेही तेच म्हणायला लागतं.

शिक्षकांनो, विचार करा. आपण 'क्ष' हे अक्षर दोनदा दाखवून "याला क्ष जमत नाही" असं प्रगतिपुस्तकात लिहितो का? पुन्हा दाखवतो, गिरवून घेतो, वाळूत काढायला लावतो. भाजीचंही तसंच. आज नुसती ताटात दिसली तरी पुरे. उद्या बोट लावून बघितलं. परवा चाटून थुंकली. ही सगळी प्रगतीच आहे. थुंकली म्हणून रागावलं, तर तेरवा ती बोटही लावणार नाही.

कुणाचं काम कोणतं?

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी या भांडणावर एक साधी वाटणी सुचवली आहे. काय द्यायचं, केव्हा द्यायचं, कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, आणि खायचं की नाही, हे मुलाने ठरवायचं. आपल्याकडे ही वाटणी नेमकी उलटी असते. काय खायचं ते मूल ठरवतं ("मॅगीच पाहिजे!"), केव्हा आणि कुठे तेही तेच ठरवतं, आणि किती ते मात्र आपण ठरवतो: "अजून पाच घास, मग सोडते."

"मुलाच्या भरवशावर सोडलं तर उपाशी राहील की!" असं कुणी म्हणेल. यावर एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंनी 1920 आणि 1930 च्या दशकांत अमेरिकेत नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांवर तो केला. एकूण 15 मुलं. त्यांच्यापुढे वेगवेगळ्या वाट्यांतून साधे पदार्थ ठेवले जायचे: धान्य, भाज्या, फळं, दूध, अंडी, मांस. परिचारिका चमचा घेऊन शेजारी बसायची, पण "हे घे, ते घे" म्हणायचं नाही, कौतुक नाही, राग नाही. मूल बोट दाखवेल तेच द्यायचं. मुलांनी जेवताना काय वाट्टेल ती मिश्रणं केली. पण बऱ्याच दिवसांचा मिळून हिशेब बघितला, तर प्रत्येकाने आपल्याला पुरेल असं खाल्लं होतं आणि सगळी चांगली वाढली.

पण या प्रयोगातली खरी गोम डेव्हिस बाईंनी स्वतःच सांगून ठेवली आहे. यादी मोठ्यांनी ठरवलेली होती. साखर नव्हती, मैद्याचे पदार्थ नव्हते, डबाबंद काही नव्हतं. मुलांनी निवड केली ती चांगल्यातूनच. म्हणजे मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवायचा, पण दुकानदाराच्या बरणीवर नाही. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं.

पाच रुपयांचा पुडा

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. "काहीच खात नाही" म्हणणाऱ्या आईला मी एक काम सांगते. दोन दिवस मुलाच्या तोंडात जे जे जाईल ते सगळं वहीत लिहा. अगदी घोटभर चहासुद्धा. वही आली की चित्र स्पष्ट होतं. सकाळी बाटलीभर दूध. आठ वाजता आजोबांच्या चहात बिस्किट. दहाला कोपऱ्यावरच्या दुकानातून कुरकुरे. बाराला वरणभात, दोन घास, "खात नाही". एकला पुन्हा दूध. चारला काकांनी आणलेला केक. रात्री भाकरी, "तोंडच उघडत नाही". या लेकराचं पोट सबंध दिवसात रिकामं कधी झालं? भूकच लागली नाही, तर जेवणार कसं?

दूध चांगलं, यात वाद नाही. पण वर्ष उलटल्यावर दिवसाला साधारण अर्ध्या लिटरच्या आतच बरं. त्याहून जास्त दूध पोट भरून टाकतं, आणि दुधात लोह जवळजवळ नसतं. लोह कमी पडलं की भूक मंदावते, भूक मंदावली की आई काळजीने आणखी दूध पाजते. हे चक्र फार घरांत फिरताना दिसतं. दुधात घालायच्या पावडरींचंही तेच. त्यात साखर भरपूर असते. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. जाहिरात आणि आरोग्य यांच्यात किती अंतर असतं ते यावरून कळावं.

पण पुड्याबद्दल आईलाच झापून चालणार नाही. आपल्या शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, कुणी गारमेंटमध्ये शिलाईला जातात, कुणी टॉवेलच्या कारखान्यात. मोजून माल द्यायचा असतो. मांडीवर सूप, समोर तंबाखू, आणि पोरगं रडायला लागलं तर पाच रुपयांत ते अर्धा तास गप्प बसतं. त्या बाईने पुडा आळसाने दिलेला नसतो. तिच्याकडे वेळ नाही, आणि पुडा हा विकतचा वेळ आहे. म्हणून तिला उपदेश करण्यापेक्षा पुड्याच्या जागी तितकंच सोपं दुसरं काय ठेवता येईल ते सांगू या. सकाळीच एका डब्यात भाकरीचे तुकडे, गूळ-शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू, केळं, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, उकडलेलं अंडं भरून ठेवलं तर तो डबाही पुड्याइतकाच पटकन उघडतो. फक्त तो ठरलेल्या वेळी उघडायचा. दिवसातून तीन जेवणं आणि दोन मधल्या वेळचं खाणं. मध्ये फक्त पाणी.

मोबाईल, आमिष आणि धाक

भरवण्याची ही तीन हत्यारं घरोघरी आहेत. तिन्हींबद्दल माझं मत स्पष्ट आहे.

मोबाईल लावला की मूल खातं, हे खरं. पण ते जेवत नसतं, त्याचं तोंड नुसतं चालत असतं. काय खाल्लं, कशी चव होती, पोट भरलं का, यातलं काही त्याला कळत नाही. पोट भरल्याची खूण ओळखणं हीच तर या वयात शिकायची गोष्ट आहे! जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात एक तासापेक्षा जास्त नको. आपल्याकडे तो तास नुसत्या जेवणातच संपतो.

आमिष म्हणजे "भाजी खा, मग चॉकलेट देते." हे ऐकून मूल काय शिकतं? भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. बक्षीस लावून खायला घातलेला पदार्थ मुलांना नंतर आणखी नकोसा होतो, हे बर्च बाईंच्या अभ्यासातही दिसलं होतं.

धाकाबद्दल जुन्या पिढीचं म्हणणं ऐकायला हवं. "आम्हाला तर कानाखाली मारून खायला लावलं, आम्ही नाही का मोठे झालो?" झालो खरं. पण त्या घरात दहा माणसं एका पंगतीला बसायची, मध्ये-मध्ये चरायला काही नसायचं आणि रानात-गल्लीत खेळून कडकडून भूक लागलेली असायची. आपण मोठे झालो ते या तीन गोष्टींमुळे, कानाखालच्या फटक्यामुळे नव्हे. आज पंगत गेली, भूक गेली, खेळ गेला, फटका तेवढा आपण जपून ठेवला. नाक दाबून भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, ही भीती वेगळीच.

सोलापुरी ताटात काय कमी आहे?

मुलांच्या आहारावर बोलताना ब्रोकोली आणि ओट्सची नावं ऐकली की मला गंमत वाटते. आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, तिथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मोड आलेली मटकी, हुलगे, शेंगदाणा, तीळ, शेवगा, अंबाडी, मेथी हे सगळं आपल्या आठवडी बाजारात आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. लेकरासाठी वेगळं काही आणायला नको, घरचंच त्याच्या तोंडाजोगं करायचं.

- आमटीला तिखट आणि मसाला घालायच्या आधी मुलाची वाटी बाजूला काढा. आपली आमटी मोठ्यांच्याही डोळ्यांत पाणी आणते, लेकराचं काय!
- त्यात ताजी मऊ भाकरी कुस्करा, वर चमचाभर तूप किंवा शेंगदाण्याचं कूट घाला. पातळ करून पाजू नका, चमच्यावर ठरेल इतपत घट्ट ठेवा.
- ज्वारीच्या कण्या, हुलग्याचं माडगं, मुगाची खिचडी, मेथीचे कमी तिखट धपाटे. हे छोट्या हातात मावतं आणि कोवळ्या दातांना चालतं.
- संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते. वाटाणा, गाजर, वांगं, घेवडा, तीळ एकत्र. मुलाला एकेक भाजी निवडून ओळखायला लावा. खाण्याआधी ओळख झाली की भीती कमी होते.
- मिक्सरमध्ये सगळं गुळगुळीत करून वर्ष-दीड वर्षापर्यंत देत राहू नका. उष्टावणानंतर दोन-तीन महिन्यांतच मऊ गाठी, मग कुस्करलेलं, मग तुकडे, असं पुढे जायला हवं. चावायची सवय उशिरा लागलेली मुलं पुढे घट्ट पदार्थांना जास्त नकार देतात.

एक सूचना मात्र ठळकपणे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाण्याचं कूट करा, द्राक्ष उभं चिरा, डाळिंबाचे दाणे चुरडून द्या. आणि खाताना मुलाला पळू देऊ नका, बसवूनच द्या.

पंगतीची ताकद

घरी "काहीच खात नाही" अशी ख्याती असलेलं मूल अंगणवाडीत किंवा शाळेच्या पोषण आहाराच्या ओळीत बसलं की खिचडी मुकाट्याने खातं. हा अनुभव बहुतेक शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना असेल. पालकांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. यात जादू नाही. शेजारचा खातो, समोरचा खातो, कुणी "खा, खा" म्हणत नाही, आणि ताट स्वतःच्या पुढ्यात असतं. 1980 मधल्या एका अभ्यासात बर्च बाईंनी नेमकं हेच तपासलं होतं. एखादी भाजी न आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलाला ती आवडीने खाणाऱ्या मुलांबरोबर काही दिवस जेवायला बसवलं, तर त्याची आवड बदलत गेली.

आपल्या मातीत ही दृष्टी जुनी आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. अनुताई वाघ तिथेच त्यांच्यासोबत घडल्या. मुलं बालवाडीत येत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून 'अंगणवाडी' आली. मुलाने आपली कामं आपल्या हाताने करावीत हे माँटेसोरी पद्धतीचं सूत्र त्यांच्या कामाच्या मुळाशी होतं. रोममधल्या माँटेसोरींच्या बालगृहात तर मुलं स्वतः टेबल मांडायची, एकमेकांना वाढायची. मग आपलं दोन वर्षांचं मूल स्वतःची वाटी उचलून आणू शकत नाही, असं आपण का धरून चालतो?

घरी दहा मिनिटांची पंगत जमवा. एका वेळी सगळे नसतील, पण निदान एक मोठं माणूस मुलासोबत स्वतःचं ताट घेऊन बसू दे. टीव्ही बंद. मुलाच्या ताटात थोडंच वाढा, त्याच्या मुठीएवढं. पुन्हा मागितलं तर पुन्हा वाढा. हाताने खाऊ दे. अर्धं अंगावर, अर्धं फरशीवर सांडेल. जुना पेपर अंथरा. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचला, न रागावता. पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत पुडा नाही, दूध नाही. पहिले तीन-चार दिवस घर डोक्यावर घेईल. घरातल्या सगळ्यांचं एकमत असेल तरच हे टिकतं. आई नियम पाळते आणि आजोबा खिशातून गोळी काढतात, असं झालं की संपलं.

हट्ट कुठे संपतो आणि दुखणं कुठे सुरू होतं?

वरचं सगळं वाचून कुणी खरोखर कुपोषित मुलाबद्दल "खाईल तेव्हा खाईल" म्हणत बसू नये. आपल्या राज्यात हा प्रश्न गमतीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत आणि सहा महिने ते पाच वर्षांमधल्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय आहे. म्हणजे तीनातली दोन! म्हणून अंदाजाने घाबरू नका आणि अंदाजाने निश्चिंतही राहू नका. मोजा.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, वाढीचा तक्ता भरला जातो. तो बघायला मागा. रेषा वर जातेय ना, हे बघा. रेषा वर जात असेल तर शेजारचा बंटी किती खातो हे विसरून जा. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी ताईंकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर 12.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लक्ष द्यायची वेळ आली, 11.5 पेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं.

आणखी काही खुणा आहेत. वजन दोन-तीन महिने वाढलंच नाही. प्रत्येक घासाला ठसका लागतो किंवा उलटी होते. पूर्वी खात होतं ते पदार्थही एकेक करून सोडत चाललंय. ठरावीक चार-पाच पदार्थांपलीकडे, ठरावीक रंगापलीकडे काहीच चालत नाही आणि बोलणं, नजरेला नजर देणंही कमी आहे. माती, भिंतीचा चुना, खडू, पाटीवरची पेन्सिल खातं. ही शेवटची खूण आपण शिक्षक रोज बघतो आणि "घाणेरडी सवय" म्हणून हातावर मारतो. ती बरेचदा लोह कमी असल्याची खूण असते. या मुलांना बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. काहींना चवीचा, स्पर्शाचा खरोखर त्रास होत असतो, तिथे हट्ट मोडायची भाषा अन्यायाची ठरते. जंताची गोळी (1 ते 19 वयोगटासाठी) आणि लोहाचं औषध (सहा महिन्यांपासून पुढे) सरकारकडून मोफत मिळतं, अंगणवाडीताई आणि आशाताईंना विचारा. भूक वाढवायचं औषध मात्र मेडिकलमधून परस्पर आणून पाजू नका.

दोष नको, वाटणी हवी

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. मूल जेवत नाही म्हटलं की घरातल्या सगळ्यांची बोटं आईकडे जातात. "तुला भरवता येत नाही." "आमच्या वेळी असं नव्हतं." घरच्या टोमण्यांच्या भीतीने आई रडत-रडत मुलाच्या तोंडात घास कोंबते. त्या घासात मुलाची भूक नसते, आईची बदनामीची भीती असते. मूल ती भीती ओळखतं आणि तोंड आणखी घट्ट मिटतं. म्हणून वडिलांनी रोजचं एक जेवण आपल्याकडे घ्यावं. आजी-आजोबांनी खाऊ द्यावाच, तो त्यांचा हक्क आहे, पण जेवणानंतर. आणि पाहुण्यांनी "किती वाळलाय गं!" हे वाक्य दाराबाहेर ठेवून आत यावं.

शिक्षकांनीही आपला वाटा उचलायला हवा. पालकसभेत दहा मिनिटं या विषयाला द्या. अंगणवाडीताईंना त्या दिवशी बोलवा, दंडाची पट्टी आणि वजनकाटा घेऊन. थोरल्यासाठी आलेल्या आयांच्या कडेवरची धाकटी त्याच वेळी मोजली जातील. याला वेगळा निधी लागत नाही, परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही.

आपलं मूल आयुष्यभर आपल्या हाताने जेवणार नाहीये. त्याला भूक ओळखता यावी, पोट भरलं की थांबता यावं, समोर आलेल्या साध्या अन्नाकडे विश्वासाने हात नेता यावा. आज रात्रीच्या जेवणात दोन घास कमी गेले तरी चालतील, पण ते घास त्याने स्वतःच्या हाताने खाल्लेले असू देत.